घूं, एक नग

दांडिया बाजारातून आत वळलं की
पिठाच्या चक्कीला लागून माझं दुकान.
पाटीवर अजून ‘रेडिओ’ लिहिलंय.
रेडिओ कुणी आणत नाही.
गरब्याचे ॲम्प्लिफायर येतात, मंडळांचे भोंगे,
उन्हाळ्यात कूलरच्या मोटारी, ज्यांना मी आधी नाही म्हणतो
आणि मग उघडतो.

मार्चमध्ये ती चौघं आली, दोन स्कूटर,
मधे गिटारचा ॲम्प, तापातल्या पोरासारखा धरलेला.
ख्याती, ध्रुमिल, न बोलणारा झाहिद,
आणि घोरपड्यांचा अन्वय,
ज्याचं मराठी गुजरातीच्या चपला घालून चालतं.

पावतीसाठी नाव विचारलं.
‘मगर.’
म्हटलं, विश्वामित्रीतली, की हिंदीतली ‘पण’वाली?
‘काका, दोन्ही लिहा.’

तक्रार एवढीच, की आवाजाचा खटका सैल.
घूंबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.
पण छत्तीस वर्षांची सवय. फिल्टरचा कपॅसिटर फुगलेला,
तो बदलला, अर्थिंग घासून घेतलं.
ॲम्प असा गप्प झाला
जसं पाहुणे गेल्यावर घर.
त्याचे पैसेसुद्धा लावले नाहीत.

चौथ्या दिवशी परत.
‘काका, तुम्ही आमचा सा काढून टाकलात.’

मी चष्मा पुसला.
ती सांगत होती, सात गाणी झालीत त्या घूंवर,
झाहिदच्या खोलीत, पंख्याखाली,
तिथं तेवढी एकच गोष्ट सुरात होती.
चक्कीवाल्याला तिनं हात केला, ‘पाँच मिनिट, भाई,’
आणि आश्चर्य, त्यानं पट्टा थांबवला.

जुना कपॅसिटर बिस्किटांच्या डब्यात होता. मी काही टाकत नाही.
परत टाके मारले.
घूं आली.
रॅकवर कुणाची तरी पेटी पडून होती, तिच्यावर पाहिलं:
पांढरी पाच. किंचित चढी.

आता बिघाड बसवून देण्याचे किती घ्यायचे?
पावतीवर लिहिलं: घूं, परत बसवली, १ नग.
रकमेचा रकाना कोरा.
अन्वय म्हणाला, मग शनिवारी या.

अकोट्यात, बंद पडलेलं टायरचं गोदाम.
एकोणीस माणसं, मला धरून.
त्यातला एक पत्ता चुकून आलेला, तो थांबला.
आधी बराच वेळ काहीच नाही. नुसती घूं.
मी खिशातला टेस्टर चाचपला.

मग ख्याती त्या घूंवर येऊन उभी राहिली, अनवाणी.
गाणं एका मगरीचं होतं,
पूर ओसरल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहिलेली,
जिला वॉचमन रोज सलाम करतो
कारण बाकी कुणी त्याच्याकडे इतका वेळ बघत नाही.
शब्द अर्धे गुजराती, अर्धे आपले,
काही कशातलेच नव्हते.
ध्रुमिलची काठी मोडली. तो उरलेल्या तुकड्यानं वाजवत राहिला,
झाहिद हसला.
तिसऱ्या गाण्यात ती एका जागी घसरली.
माझा कान लगेच उठून बसला.
पुन्हा आली ती जागा, पुन्हा तशीच घसरली,
तेव्हा कळलं, चुकत मी होतो.

रात्री फ्रिजसमोर उभा राहिलो.
शालन म्हणाली, काय हवंय?
म्हटलं, ऐक.
ती म्हणाली, दार लाव, गार जातंय.
फ्रिज, ट्यूबलाइटचा चोक, कोपऱ्यावरची डीपी,
सगळं बडोदं पांढरी पाचमध्ये,
किंचित चढं,
आणि मी कावीय घेऊन जन्मभर त्याच्या मागे.

सप्टेंबरात मंडळाचा पोरगा आला,
धापा टाकत, खांद्यावर जुना ॲम्प.
‘काका, नवरात्र आलंय. याची घूं काढा.’

विचारलं,
‘सगळी?’